जबडा गेला, घुम्या सापडला

ज्यांच्या हातात नुकताच तपासणीचा कागद पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. धीर द्यायला लिहीत नाही. धीर देणारे घरी येतीलच आणि चहा पिऊन जातील. माझ्या हातून दोन चुका झाल्या, त्या तुमच्या हातून होऊ नयेत एवढंच. एक चूक माझ्या अंगावर निघाली आणि दुसरी माझ्या बायकोच्या.

मी पशुधन पर्यवेक्षक. सरकारी दवाखान्यात जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली तीस वर्षं झाली. गावोगाव लोक मलाच डॉक्टर म्हणतात आणि मी त्यांना अडवत नाही. राहायला केडगावला, मूळ गाव घोडेगावजवळ. वडील, म्हणजे आबा, बैलांचे हेडी. घोडेगावच्या बाजारात घेणारा आणि देणारा यांच्यात उभं राहून सौदा जुळवणं हा त्यांचा जन्माचा धंदा. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण बैल दिसला की पाय थांबतो. मी मुळातच तापट माणूस. हे आधीच सांगतो, कारण नंतर लोक आजारामुळे असं झालं म्हणतात. आजार यायच्या आधीही मी तापटच होतो.

तोंड

जनावराचा जबडा उघडून दात बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दोन दाती, चार दाती, जुळलेला, सगळं एका नजरेत. पण स्वतःच्या तोंडात बघायला मला सवड झाली नाही. डाव्या गालात सव्वीस वर्षं तंबाखू ठेवली. तिथं पांढरा चट्टा आला, मग जखम झाली, मग भाजीतलं तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायला लागलं. मंगल, माझी बायको, दिवाळीपासून सांगत होती की एकदा दाखवून या. मला शिकवू नको, असं मी तिला म्हणालो. होळीपर्यंत तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, तेव्हा गेलो.

तुकडा काढला, तपासायला पाठवला, आठ दिवसांनी बोलावलं. सर्जननं कागदावर जबड्याचं चित्र काढलं आणि डाव्या बाजूवर पेनानं रेघ मारली. इथपासून इथपर्यंत हाड काढावं लागेल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, छातीचं मांस वर आणून गाल बुजवावा लागेल. मंगलला काही कळलं नाही. मला सगळं कळलं, कारण बैलाच्या शिंगाला कॅन्सर होतो आणि ते शिंग कापताना मी किती वेळा धरून बसलो आहे ते मोजलेलं नाही. बैल पाडायचा, चार माणसं अंगावर बसवायची, बुडापासून करवत चालवायची. रक्ताची चिळकांडी भिंतीपर्यंत जाते. मालक लांब उभा राहून विचारतो की जगंल का. जगंल की, असं मी हात धुताधुता सांगायचो.

अगदी त्याच आवाजात सर्जन मला म्हणाला, "व्यवस्थित जगाल." त्याची गचांडी धरावीशी वाटली. बाहेर येऊन मी माझ्याच मोटरसायकलला लाथ घातली, ती आडवी झाली आणि आरसा फुटला. मंगल रडत होती. चार लोकांसमोर मी तिच्या अंगावर ओरडलो की मी अजून मेलेलो नाही. ती गप्प झाली. चोवीस वर्षं ती माझ्यासमोर अशीच गप्प होत आली होती. लग्नानंतर पहिल्या दोन वर्षांत मी तिच्यावर दोनदा हात उचलला होता. तिसऱ्यांदा उचलला नाही, म्हणून मी स्वतःला बरा माणूस समजत होतो.

कापणी

आठ तास कापत होते. शुद्धीवर आलो तेव्हा गळ्याला भोक, नाकात नळी आणि दोन्ही हात कॉटला बांधलेले. अर्धवट शुद्धीत मी नळी उपसायला बघत होतो म्हणे. डावा गाल माझा नव्हताच. छातीवरचं कातडं तिथं शिवलेलं होतं आणि त्यावर केस होते. छाती सोललेली, मान सोललेली, तोंडात वितळलेलं लोखंड ओतल्यासारखी आग. ओरडावं म्हटलं तर आवाज गळ्याच्या भोकातून फुस्स करून निघून जायचा.

बोलायला मला एक पाटी दिली. लाकडी चौकटीची, शाळेतली. पाचवीनंतर मी पाटी पहिल्यांदाच हातात धरली.

रुग्णालयाचा दिवस पहाटे नळीतून पाणी, मग ड्रेसिंग, मग डॉक्टरांची फेरी, मग नळीतून दूध, मग पुन्हा ड्रेसिंग असा जातो. मधल्या वेळात माणसाला फक्त दुखतं. एक सिस्टर होती, ड्रेसिंग काढताना ती आधी सांगायची की आता ओढते आहे. नुसतं एवढं सांगायची. त्या तीन शब्दांसाठी मी तिची वाट बघायचो.

वाचायला दुसरं काही नव्हतं

आता वाचनाचं सांगतो. मला वाचायची आवड आहे, पण खरं घडलेलं तेवढंच. इतिहास, चरित्रं, लढायांची वर्णनं. राजवाडा, जादू, राक्षस असलं काही दिसलं की मी पुस्तक खाली ठेवतो. माझी मुलगी प्राजक्ता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिची सगळी कपाटं असल्याच पुस्तकांनी भरली आहेत. त्यावरून आमची भांडणं झालेली आहेत. एकदा मी तिचं एक जाडजूड पुस्तक खिडकीतून बाहेर भिरकावलं होतं.

दुपारी ती माझ्याजवळ बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. सुमित्रा उंबरे नावाच्या बाईंची कादंबरी, 'हाडांचा घाट'. मी पाटीवर लिहिलं, "बंद." ती म्हणाली, "पप्पा, आत्ता तुम्ही भांडू शकत नाही. म्हणूनच वाचतेय."

पहिल्याच पानावर एका सैनिकाचा जबडा कुऱ्हाडीनं फाटतो. घाटावरची माणसं आणि खालच्या राजाचं सैन्य यांची लढाई चालली आहे, आणि तुंगी नावाची एका खाटकाची मुलगी जखमी लोकांची हाडं बसवते आहे. तिथं झाडं चालतात आणि नद्यांना नवस बोलावे लागतात, पण तुंगी त्या सैनिकाचा लोंबणारा जबडा हातात धरते, कातड्याची वादी त्याच्या डोक्यावरून घेते आणि गाठ मारते. प्राजक्ता ओशाळून थांबली. तिला पहिलं पान आठवत नसावं. मी पाटी पुसून लिहिलं, "पुढे."

मी चुका शोधत ऐकत होतो. या बाईला रक्त काय ठाऊक असणार, असा माझा तोरा. पण नासलेल्या जखमेचा वास तिनं बरोबर लिहिला होता. अळ्या पडलेल्या जखमेत आधी काय घालतात ते बरोबर होतं. तडफडणाऱ्या माणसाला धरताना गुडघा कुठं रोवायचा तेसुद्धा बरोबर. तुंगी एका पानावर सात माणसांचे पाय कापते, आणि सातवा मेल्यावर चिडून त्याच्या प्रेताला लाथ मारते. मला माझी मोटरसायकल आठवली. चांगल्या पुस्तकातली चांगली माणसं असं करत नाहीत. ही करत होती, म्हणून मला ती आवडली.

आबाही शेजारी बसून ऐकायचे. एका ठिकाणी तुंगी बैलाचं वय त्याचे वरचे पुढचे दात बघून ठरवते. आबा म्हणाले, "बैलाला वरले दात? हिला कुनीतरी फसवलं, दत्ता." मला इतका आनंद झाला की हसायला गेलो आणि टाके ओढले जाऊन डोळ्यांपुढं अंधारी आली. बैलाला वर पुढचे दात नसतातच. अख्ख्या पुस्तकात सापडलेली ती एकच चूक.

आकडा

रोज सकाळी फेरीला डॉक्टर विचारायचे, दुखणं दहापैकी किती. मी तीन बोटं दाखवायचो.

हे कळायला तुम्हाला आमचा बाजार कळायला हवा. सौदा होतो तो रुमालाखाली. दोघांचे हात वरून झाकायचे आणि बोटं धरून आकडे सांगायचे. तोंडानं कुणी बोलत नाही. लहानपणी आबांनी मला बाकी काही शिकवलं नसेल, पण एक नियम पक्का शिकवला होता. पहिला आकडा खरा सांगायचा नाही. आपण तीन म्हणायचं, समोरचा तोंडाकडे बघून सात म्हणतो, मग पाचावर जुळतं. खरा आकडा आधी सांगणारा बाजारात येडा ठरतो.

माझं दुखणं नऊ होतं. मी तीन दाखवलं आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं, माझा चेहरा बघून ते म्हणतील, तीन कसं, सात तरी असेल. डॉक्टरांनी तीन लिहिलं आणि पुढच्या कॉटकडे गेले. औषध तिनाचं मिळालं. दुसऱ्या दिवशीही तेच. चार दिवस मी नवाचं दुखणं तिनाच्या औषधावर काढलं. तिप्पट करून दाखवायला हात उठत नव्हता, आणि आधी सांगितलेल्या आकड्यावरून हलणं म्हणजे सौदा हरणं, असं डोक्यात बसलेलं. हसू नका. विव्हळणं कमीपणाचं मानणारे तुमच्यातही पुष्कळ असतील.

पाटी

पाचव्या दिवशी सकाळी मंगल नळीतून दूध घालत होती. तिचा हात थरथरला, नळी ओढली गेली, आणि नाकापासून घशापर्यंत कुणी करवत चालवल्यासारखं झालं. माझ्या हातात पाटी होती. ती मी तिच्या तोंडावर मारली.

कड लागली, नुसती बाजू नाही. डावी भुवई फाटली. रक्त डोळ्यात, साडीवर आणि दुधाच्या भांड्यात पडलं. ती ओरडली नाही. खाली बसली आणि हातानं कपाळ दाबून धरलं. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे केलं. मला त्या क्षणी काय वाटलं तेही सांगतो, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. दोन श्वासांपुरतं का होईना, माझं दुखणं कुठंतरी गेल्यासारखं वाटलं. मग मी तिच्याकडे बघितलं.

खालच्या मजल्यावर तिला चार टाके घातले. दुपारी ती पट्टी बांधून वर आली, माझे धुतलेले टॉवेल घडी करून उशाशी ठेवले आणि हळू आवाजात म्हणाली, "मी तुमच्या दुखन्याला न्हाई भ्याले. तुमाला भ्याले." एवढं बोलून ती राहुरीला भावाकडे निघून गेली. मी पाटीकडे हात नेला, पण सिस्टरनं ती आधीच उचलून नेली होती.

त्या दिवसापासून मी जगेन की मरेन, या प्रश्नाचं मला फारसं काही वाटेनासं झालं. मंगल परत येईल का, एवढंच डोक्यात होतं.

घुम्या

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता आली. माझ्याशी बोलली नाही. पुस्तक उघडून जिथं राहिलं होतं तिथून वाचायला लागली.

घाटावरच्या सैनिकांना ओरडायची बंदी आहे. कितीही वार झाले तरी तोंडातून आवाज काढायचा नाही, हा त्यांचा मान. पण जी किंकाळी माणूस गिळतो तिचं पोटात एक जनावर होतं. त्याला तिथं घुम्या म्हणतात. काळं, बिनतोंडाचं वाटणारं, पण दात असलेलं. सैनिक झोपला की ते बाहेर पडतं, आणि शत्रूकडे कधीच जात नाही. जो सगळ्यात जवळ झोपला असेल त्याला फाडतं. सकाळी सैनिक उठतो तेव्हा त्याच्या शेजारी त्याचा भाऊ मरून पडलेला असतो, आणि हे शत्रूनं केलं म्हणून तो पुन्हा लढायला जातो. तुंगी छावणीत शिरते, एका सैनिकाच्या छातीवर गुडघा रोवते, त्याच्या मोडलेल्या पायावर पाय देते आणि म्हणते, ओरड. तो ओरडत नाही. ती आणखी जोर देते.

प्राजक्तानं हे प्रकरण मुद्दाम निवडलं नव्हतं, ओळीनंच आलं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, खोट्या जनावराची गोष्ट ऐकून रडत होतो, आणि नाकातल्या नळीमुळे धड रडताही येत नव्हतं. मी घंटी दाबली. सिस्टर आल्यावर तिच्यासमोर नऊ बोटं धरली.

सिस्टरला खरं वाटेना. प्राजक्तानं विचारलं, "कधीपासून?" मी हवेतच बोटानं लिहिलं, पहिल्यापासून.

डॉक्टर आले ते संतापलेच. रुग्णालयात खोटं सांगून काय मिळतं, असं विचारत होते. उत्तर आबांनी दिलं. कॉटचा दांडा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "डाक्टर, पयला आकडा खरा सांगाया मीच शिकवलं न्हाई तेला. समदा बाजार म्या तेच्या डोस्क्यात घातला. सुनबाईचं कपाळ माज्यामुळं फुटलं." मी हाताच्या खुणेनं नाही नाही म्हणत होतो. मारणारा हात माझा होता. पण आबा ऐकायला तयार नव्हते. औषध बदललं आणि त्या रात्री मला पहिली झोप लागली.

जाळणं

पुढं घरी सोडलं, आणि जखमा भरल्यावर तीस दिवस किरणोपचार. चेहऱ्याच्या मापाची प्लास्टिकची जाळी करतात, ती तोंडावर बसवून टेबलाला खटके लावून टाकतात. मान हलवता येत नाही. पहिल्या दिवशी त्या जाळीखाली मी गुरासारखा हंबरलो. यंत्र थांबवावं लागलं. पण ओरडलो, आणि कुणालाही मारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तोंडाचं आतलं कातडं सोलून निघालं, थुंकी गिळणं म्हणजे काचा गिळणं झालं. आकडा विचारला की खरा सांगायचो. कधी आठ, कधी दहा. पाचवर आला त्या दिवशी मी आपणहून कंपाउंडरला सांगायला गेलो.

जाळीखाली पडल्यावर मी तुंगीच्या लढाया मनात आणायचो. तोवर उंबरेबाईंची तुंगीवरची चारही पुस्तकं वाचून झाली होती, दोन दुसऱ्यांदा. दुसऱ्या भागात ती स्वतःच्या घुम्याला हातानं धरते आणि तो तिची तीन बोटं खातो. असल्या पुस्तकांवर मी आयुष्यभर थुंकलो होतो. बैलाच्या दातांबद्दल मी बाईंना प्रकाशकांमार्फत पत्र पाठवलं. बाई भंडारदऱ्याकडच्या एका गावात राहतात. त्यांचं कार्ड आलं की पुढच्या आवृत्तीत दात उपटते, आणि तुमचा जबडा कसा आहे. ते कार्ड मी जपून ठेवलं आहे.

मंगल प्राजक्ताला रोज फोन करायची. माझ्याबद्दल विचारायची, पण मला फोन दिलेला तिला चालत नसे. किरणोपचाराच्या तेराव्या दिवशी मी आबांना घेऊन राहुरीला गेलो. बोबडं बोलता यायला लागलं होतं. मेहुण्यानं दारातच उभं केलं, ते बरोबरच होतं. मंगल बाहेर आली. भुवईवर टाक्यांची पांढरी रेघ होती, तिथं केस आले नव्हते. मी तिला परत चल म्हणालो नाही. मला नऊ दुखत होतं आणि मी तीन सांगितलं, आणि तुला मारल्यावर मला बरं वाटलं होतं, हे दोन्ही सांगितलं. दुसरं वाक्य ऐकून तिनं डोळे मिटले. "आता जावा," ती म्हणाली, आणि आम्ही परत आलो.

एकोणिसाव्या दिवशी ती पिशवी घेऊन केडगावला आली. प्राजक्ताची परीक्षा आहे म्हणून आले, असं आबांना म्हणाली. मधल्या खोलीत सामान ठेवलं आणि त्या खोलीला आतून कडी बसवून घेतली. सुतार मीच बोलावला.

आता

गेल्या महिन्यात दीड वर्ष झाल्याची तपासणी होती. सगळं स्वच्छ आहे. पेढे वाटले, पण मला स्वतःला ते चावता येत नाहीत, चघळावे लागतात. तोंड अडीच बोटं उघडतं. जीभ वळावी म्हणून रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायला सांगितलं आहे, ते मी संध्याकाळी करतो. मंगल स्वयंपाकघरात असते. ऐकते की नाही ते विचारलेलं नाही.

तपासणीहून आलो त्या दिवशी मी खुशीत होतो. घरात शिरलो आणि वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला झटक्यानं हात वर केला. मंगल शेजारून जात होती. तिची मान खाली गेली आणि कोपर चेहऱ्यासमोर आलं. लगेच तिनं हात खाली घेतला आणि पदर नीट करत असल्यासारखं केलं. मीही काही दिसलं नसल्यासारखं केलं. मग पुढच्या खोलीत जाऊन बसलो आणि आवाज काढून रडलो. प्राजक्ता घरात होती, तिलाही ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंगल तिथंच फरशी पुसत होती. मी फळीपासून दोन पावलं लांब उभा राहिलो, दोन्ही हात तिला दिसतील असे ठेवले.

"मंगल," मी म्हणालो, "हात वर करतोय. पुस्तक काढायला."

तिनं फडकं पिळलं आणि माझ्या हाताकडे बघत राहिली.

"काढा," ती म्हणाली.

रोज सांगतो. रोज ती आधी हाताकडे बघते.